काखेत कळसा, इंग्रजीचा वळसा

जपानी शिकण्याची हौस आपल्याकडे परवा-परवाची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी वसईच्या गोन्सालो गार्सियाची आठवण ठेवावी. सोळाव्या शतकाच्या मध्यात वसईत जन्मलेला हा मुलगा. वडील पोर्तुगीज, आई इथली. कुमारवयात तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथल्या माणसांत राहून त्यांची भाषा शिकला. पुढे काही काळ त्याने व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन संघात गेला. १५९३ मध्ये मनिलाहून जपानच्या सत्ताधीशाकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे, वकिलात गेली तेव्हा तिचा दुभाषा म्हणून हा वसईकर उभा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस साथीदारांसह त्याला क्रूसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि आज वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. त्याच्या श्रद्धेविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल आहे ते त्याच्या जपानीचे. त्याच्या हातात इंग्रजीतून लिहिलेले पाठ्यपुस्तक नव्हते. तरीही त्याची भाषा एका राजसत्तेपुढे उभी राहण्याइतकी पक्की झाली.

सवाचारशे वर्षांनी जपान पुन्हा आमच्या दाराशी आला आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. जपानी तंत्रावरच्या या मार्गाची दोन स्थानके, विरार आणि बोईसर, आमच्या पालघर जिल्ह्यात आहेत. जमिनी देताना जिल्ह्यातल्या अनेक गावांनी विरोध केला, तोही विसरून चालणार नाही. दुसरीकडे जपानात म्हातारी माणसे वाढली आणि काम करणारे हात कमी पडू लागले. एप्रिल २०१९ पासून त्या देशाने परदेशी कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारताशी तसा करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीयांना जपानला पाठवण्याचे उद्दिष्ट दोन्ही सरकारांनी जाहीर केले. रुग्णांची आणि वृद्धांची देखभाल, शेती, बांधकाम, हॉटेल अशी ही कामे. त्यांतल्या बहुतेक कामांसाठी जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-४ ही पातळी किंवा तिच्या तोडीची परीक्षा पार करावी लागते. मग काय, जिकडे-तिकडे वर्ग निघाले!

मी मूळची राजोडीची. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेले हे गाव. रविवारी मुंबईची माणसे आमच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसायला येतात. मागे केळीच्या, फुलांच्या वाड्या आहेत हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना दिसते. माझी नोकरी शाळेत गेली. १९९०च्या दशकात काही वर्षे पुण्यात होते, तेव्हा पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी जपानी शिकले. निवृत्तीनंतर गावी आले आणि आता शेजारपाजारची पाच-सहा मुले वही घेऊन ओटीवर येतात. फी नाही, पाटी नाही. त्यांतली एक मुलगी एका नावाजलेल्या संस्थेच्या वर्गातून तीन महिन्यांत बाहेर पडली होती. मराठी शाळेत शिकलेली, हुशार. मी विचारले, "जपानी अवघड वाटलं का गं?" ती म्हणाली, "नाही बाई. जपानी अवघड नाही गेलं. इंग्रजी अवघड गेलं."

या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे बहुतेक वर्गांत जपानी भाषा इंग्रजीतून शिकवली जाते. पुस्तकातली टीप इंग्रजी, शब्दार्थ इंग्रजी, उच्चार रोमन अक्षरांत. मराठी मुलाने आधी मनातले वाक्य इंग्रजीत उलटे करायचे आणि मग जपानीत पुन्हा सुलटे करायचे. घरी परतायला सरळ पायवाट असताना त्याला हमरस्त्याने गावभर फिरवून आणण्यासारखे हे आहे. कारण व्याकरणाच्या बाबतीत जपानीला जितकी मराठी जवळची आहे, तितकी इंग्रजी कधीच नव्हती.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? साधी उदाहरणेच घेऊ. 'मी भात खातो' याचे जपानी 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु'. कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. आपल्याला एकही शब्द हलवावा लागत नाही. आपण 'मुंबईहून' म्हणतो, ते 'मुंबई कारा' म्हणतात. आपले 'मुंबईपर्यंत' हे त्यांचे 'मुंबई मादे'. इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीत आणि जपानीत नामाच्या मागे. 'येता का?' याला जपानी माणूस 'किमासु का?' म्हणतो. प्रश्न करणारा 'का' वाक्याच्या शेवटी, अगदी आपल्या ठिकाणी. आपण 'हो ना' म्हणून जो 'ना' लावतो, तसा ते 'सो देसु ने' म्हणताना 'ने' लावतात. 'पाऊस पडणार म्हणे' यातला 'म्हणे' इंग्रजीत सांगायला आख्खे वाक्य लागते. जपानीत तो वाक्याच्या शेपटाला 'सो देसु' लावून चटकन सांगता येतो.

मला स्वतःला जपानी खऱ्या अर्थाने उमजली ती एका क्रियापदाच्या जोडीने. पुण्यातल्या आमच्या बाई 'शिते मिरु' हा प्रयोग इंग्रजीतून समजावत होत्या. वर्गात सगळे चेहरे कोरे. शेवटी त्या मराठीत म्हणाल्या, "अहो, करून पाहा!" आणि वर्ग हसला. 'शिते' म्हणजे करून, 'मिरु' म्हणजे पाहणे. इंग्रजीत यासाठी 'प्रयत्न करणे' असा निराळाच शब्द आणावा लागतो. आपण मात्र करूनच पाहतो, खाऊनच पाहतो आणि जपानी माणूसही तसेच करतो. 'लिहून ठेव' म्हणजे 'काइते ओकु', आणि त्यातल्या 'ओकु'चा अर्थही ठेवणे हाच. दोन पानांची इंग्रजी टीप दोन मराठी शब्दांत आटोपते.

नातीगोती पाहा. इंग्रजीत भाऊ तो भाऊ. जपानीत मोठा भाऊ 'आनि' आणि धाकटा 'ओतोतो', मोठी बहीण 'आने' आणि धाकटी 'इमोतो'. ज्या घरात दादा आणि ताई यांना नावाने हाक मारली की पाठीत धपाटा बसतो, तिथल्या मुलाला हा भेद शिकवावा लागत नाही. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्याला जपानी आदरार्थी रूपांची धास्ती वाटू नये. ध्वनींचे शब्दही तसेच. आपली छाती धडधडते, त्यांची 'दोकिदोकि' करते. आपले भांडे चकचकते, त्यांचे 'पिकापिका' दिसते.

उच्चारांच्या बाबतीत तर देवनागरीसारखा सोबती नाही. रोमन लिपीत लिहिलेला 'किते', म्हणजे 'या' किंवा 'येऊन', हा शब्द आमची मुले इंग्रजी सवयीने पतंगासारखा 'काइट' वाचतात. 'मुंबई मादे'चे 'मुंबई मेड' होते. देवनागरीत ही भानगडच नाही. 'किते' आणि 'कित्ते' यांतला फरक जोडाक्षर दाखवते. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. स्वर जरा लांबला की वय वाढते. ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत छड्या खाल्लेल्या पिढीला याचे महत्त्व सांगायला नको. 'त्सुनामी'तला पहिला ध्वनी अनेकांना जड जातो. तो आपल्या 'चुना' आणि 'चाळ' यांतल्या 'च'च्या अगदी जवळचा आहे, तोंडात बसलेला. आणि आपला अनुस्वार! 'आंबा', 'अंग', 'अंत' या तीन शब्दांत तो तीन तऱ्हांनी वाजतो. जपानीतही 'शिंबुन' म्हणजे वर्तमानपत्र आणि 'बांगो' म्हणजे क्रमांक यांत एकच अक्षर पुढच्या वर्णाप्रमाणे आवाज बदलते.

या दोन भाषा बहिणी आहेत असा माझा दावा नाही. सुसुमु ओनो या जपानी विद्वानाने जपानीचा संबंध तमिळशी जोडला होता, तोही बहुतेक भाषाशास्त्रज्ञांना पटला नाही. प्रश्नार्थक 'का'चे साम्य हा योगायोगच म्हणायचा. शिकणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? वाटेत ओळखीची खूण भेटली की पाय उचलतो, इतके पुरे.

एक खूण मात्र योगायोगाची नाही. जपानी मुले आपली अक्षरे म्हणतात ती अशी: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या बाराखडीचा हा धागा कुणालाही ओळखू येईल. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि 'हा' प-वर्गाच्या, कारण त्या ओळीचा जुना उच्चार 'प'सारखा होता. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपी अभ्यासली आणि तिच्यातून हा क्रम जपानात रुजला. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोहोचला. ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन त्याच्या हस्ते झाले. बौद्ध धर्माच्या त्या वाटांवरचे आमचे ठाणे म्हणजे सोपारा. राजोडीहून थोड्याच अंतरावर असलेल्या तिथल्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. अशोकाच्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. तो लेख लोकांच्या प्राकृतात आहे. धर्म सांगायचा तर ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावा, एवढे त्या सम्राटाला कळत होते.

पोर्तुगीजांनीही दोन्हीकडे ठसे ठेवले. १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली आणि १५४३ मध्ये ते जपानच्या किनाऱ्याला लागले. म्हणून आपला 'पाव' आणि जपानी 'पान' ही एकाच भट्टीतली भावंडे आहेत. 'तंबाखू' आणि 'ताबाको' यांचेही तसेच. मुलांना हे सांगितले की परका वाटणारा शब्द शेजारच्या बेकरीतला होऊन जातो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही जाहिरात ठरेल. जपानी सोपी नाही. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे महिन्याभरात येतात. त्यानंतर कांजी सुरू होतात. नित्य वापराच्या कांजींची २०१०ची सरकारी यादी २१३६ चिन्हांची आहे. एक झाड म्हणजे 'कि', दोन झाडे शेजारी काढली की 'हायाशि' म्हणजे राई, तीन काढली की 'मोरि' म्हणजे वन. माणसाशेजारी झाड काढले की 'यासुमु', विसावा घेणे. इथपर्यंत मुले खूष असतात. शंभर-दोनशे चिन्हांपुढे गंमत संपते आणि रोजची घोटाई उरते. तिथे मराठीही उपयोगी पडत नाही आणि इंग्रजीही. शब्दातल्या सुरांचा चढउतारही आपल्याला नवा. एकच 'हाशि' सुराप्रमाणे पूल होतो किंवा जेवणाच्या काड्या. देवनागरीची कुबडीही पहिल्या काही आठवड्यांपुरतीच. नंतर ती टाकलीच पाहिजे, नाहीतर डोळे जपानी अक्षरांवर टिकत नाहीत. म्हणून तर माझे म्हणणे, की खरे कष्ट जिथे अटळ आहेत तिथे पोचण्याआधीच मुलांची दमछाक कशाला करायची?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, की इंग्रजी लागतेच. लागते, कोण नाही म्हणतो? पण ज्या परीक्षेसाठी हा सगळा आटापिटा, ती एन-५ पासून एन-१ पर्यंत जपानीतच होते. प्रश्नही जपानी आणि उत्तरांचे पर्यायही जपानी. इंग्रजी येते की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. दुसरा आक्षेप, की वर्गात निरनिराळ्या भाषांची मुले असतात. मुंबईत हे खरे आहे. पण पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, पालघरात जिथे निम्म्याहून अधिक मुलांची मायबोली मराठी आहे, तिथे मराठीतून समजावण्याचा एक तास ठेवायला काय हरकत आहे?

या बाबतीत जपानचाच एक जुना धडा आपल्या घरात आहे. १९१५ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ स्थापन केले. अण्णांनी जपानकडून घेतले काय? स्त्रियांना त्यांच्याच भाषेतून उच्च शिक्षण द्यावे, हा विचार. इंग्रजी त्यांनी ठेवली, पण विषय म्हणून. माध्यम मातृभाषेचे. जपानकडे पाहून आपण शंभर वर्षांपूर्वी जे शिकलो, ते जपानी शिकवतानाच विसरावे, ही मोठी गंमत आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. अभिजात भाषा म्हणजे नुसती जुनी भाषा नव्हे. जिच्यातून दुसरी भाषा शिकता येते, ती भाषा जिवंत. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. जपानी शिकवण्याची मोठी परंपरा तिथे आहे आणि उत्तम मराठी जाणणारे जपानीचे अध्यापकही आहेत. त्यांच्याकडे माझे मागणे फार नाही. पहिल्या वर्षाचे व्याकरण मराठीतून समजावणारे, खेड्यातल्या मुलाला परवडेल असे पुस्तक सिद्ध करावे. प्रमाणपत्राच्या परीक्षेत मराठीतून जपानीत आणि जपानीतून मराठीत भाषांतराचा प्रश्न असावा. आणि हे पुस्तक जिल्ह्याच्या ग्रंथालयांपर्यंत पोचावे.

पालकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. आमच्या भागात सामवेदी आहे, वाडवळी आहे, आगरी, मांगेली, वारली आहे. मूल घरात एक बोली बोलते, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी. पाहुण्यांसमोर मुलाने घरची बोली काढली की आपण डोळे वटारतो. खरे तर एका अर्थासाठी दोन-तीन वाटा असतात हे ज्याला लहानपणीच कळले, त्याला चौथी वाट सापडायला वेळ लागत नाही. माझ्या ओटीवरची वाडवळी बोलणारी मुले नव्या आवाजाला बिचकत नाहीत, हे मी रोज पाहते. घरची बोली मुलाचे भांडवल आहे. ते बुडवू नका.

आणि वर्गाची फी भरण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारा. शिकवणाऱ्याची स्वतःची पातळी कोणती? आठवड्यात किती तास? मुलाला बोलायला आणि लिहायला लावणार का? नोकरीची हमी देत असाल तर कागदावर कुणाच्या सहीने? तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. एन-१ पर्यंतच्या या परीक्षांत बोलण्याची चाचणीच नसते. पर्यायावर खूण करून उत्तीर्ण झालेले मूल उद्या जपानातल्या एखाद्या आजीच्या उशाशी उभे राहील. ती आजी म्हणेल, पाठ दुखते. तिथे चार पर्याय नसतात.

भाषा शिकून नोकरी मिळाली तर आनंदच आहे. आधी पोटोबा, हे खरेच. पण विद्यापीठाने पोटोबापाशी थांबू नये. दख्खनच्या मध्ययुगीन खेड्यावर आयुष्य वेचणारे हिरोशी फुकाझावा आणि वतनांचा अभ्यास करणारे हिरोयुकी कोतानी हे जपानी इतिहासकार आपली मराठी कागदपत्रे वाचायला शिकले. फुकाझावांच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये निघालेले दख्खनवरचे पुस्तक आजही अभ्यासक उघडतात. आमच्या बलुतेदारांचा हिशेब समजून घ्यायला ते टोकियोहून आले. तिकडच्या शेतकऱ्याचा, कोळ्याचा हिशेब समजून घ्यायला आमच्यातून कोण गेले? आपण 'तोत्तोचान' आवडीने वाचतो, शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, पण जपानीतून थेट मराठीत येणारा ओघ अजून बारीकच आहे. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभागृहात योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. मतदारांशी तो त्यांच्या भाषेत बोलला म्हणूनच ना?

ती इंग्रजीमुळे वर्ग सोडलेली मुलगी पाचवी पातळी उत्तीर्ण झाली आहे आणि आता चौथीची तयारी करते आहे. जपानला जायचे की इथेच राहून दुभाषी व्हायचे, हे तिचे अजून ठरलेले नाही. ते तिने ठरवावे. तिच्यासारख्या आणखी किती मुली पहिल्याच सत्रात वही मिटून घरी बसल्या असतील, याची मोजदाद कुठल्याही विद्यापीठाकडे होत असेल असे मला वाटत नाही. ती आता व्हावी. आणि पुढच्या जूनमध्ये वर्ग सुरू होतील तेव्हा निदान एका फळ्यावर 'शिते मिरु'समोर 'करून पाहणे' असे मराठीत लिहिलेले असावे.